उलटी नळी आणि ४४ कोटी वर्षांचा प्राणी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपवर हॉर्सशू क्रॅबबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: ‘या खेकड्याचं निळं रक्त लाखमोलाचं, कारण निळा रंग जंतू मारतो!’ वाचून राहवलं नाही. मकरपुऱ्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला असताना त्या रक्तातल्या पेशींपासून बनलेलं एलएएल, म्हणजे औषधं तपासायचं द्रावण, मी वर्षानुवर्षं वापरलंय.

हॉर्सशू क्रॅब हा खेकडा नव्हेच, विंचू-कोळ्यांचा भाऊबंद. त्याचे ४४ कोटी वर्षांहून जुने जीवाश्म सापडलेत. रक्त निळं दिसतं ते तांब्यामुळे, इतकंच. खरी करामत रक्तातल्या पेशींची.

सलाइन ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवलं, की जंतू मरतात, पण काही जंतूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, तसेच उरतात. ते शिरेत गेले की हुडहुडी भरून ताप चढतो. या प्राण्याच्या पेशींमध्ये फॅक्टर सी नावाचं प्रथिन असतं. एंडोटॉक्सिन चिकटताच ते जागं होतं, फॅक्टर बीला जागं करतं, तो पुढच्या एन्झाइमला, आणि ते एन्झाइम कोॲग्युलोजेन कापून त्याची जाळी विणतं. दर पायरीला परिणाम कैक पटींनी वाढतो, म्हणून ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी एंडोटॉक्सिनही पकडलं जातं. समुद्रात जखम झाली की हीच जाळी जंतूंना जागच्या जागी अडकवते. आम्ही नळीत ०.१ मिली औषध, ०.१ मिली एलएएल घालायचो, ३७ अंशांवर तासभर ठेवायचो आणि मग अलगद नळी उलटी करायचो. जेल तळाला घट्ट चिकटून राहिलं की बॅच नापास.

अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात १९९०च्या दशकात ईल आणि शंख धरायला आमिष म्हणून हा प्राणी बेसुमार पकडला गेला. त्याला वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, तूट भरणार कशी? रक्त काढून सोडलेल्यांपैकीही १५ ते ३० टक्के दगावतात, असा अंदाज आहे. म्हणून मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री, भरतीला, स्वयंसेवक टॉर्च घेऊन किनाऱ्यावर उतरतात. वाळूवर एक चौरस मीटरची चौकट ठेवायची, आतले नर-माद्या मोजायचे, पुढे सरकायचं. काहींच्या कवचाला क्रमांकाची चकती लावतात; तोच क्रमांक पुन्हा दिसला की प्राणी किती जगला, कुठे फिरला ते कळतं. आपल्याकडे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावर असंच टॅगिंग सुरू केलंय. तिथे हे प्राणी मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकून मरतात, शिवाय त्यांची शेपटी सांधेदुखीवर औषध समजली जाते. शेपटीने सांधे बरे होत नाहीत, प्राणी तेवढा कमी होतो.

युरोपच्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमावलीत, प्रयोगशाळेत बनवलेल्या फॅक्टर सीची चाचणी २०२१पासून लागू झाली. तिच्यात रक्त लागत नाही, जेलही होत नाही. उपकरण प्रकाशाची चमक मोजतं. वडोदऱ्याच्या इंजेक्शन कारखान्यांनी ती आता आणायला हवी.