व्हाइट फ्लोरल घेतलाय? आधी छोटी व्हायल उघडा, मोठी बाटली नंतर

या पांढऱ्या फुलांच्या परफ्यूमबद्दल दोन मेसेज रोजचे ठरलेले. एक, "हा लेडीजचा आहे का हो?" आणि दुसरा, पार्सल हातात पडल्यावर पाचच मिनिटांत, "डांबरगोळ्यांसारखा वास येतोय, माल खराब आलाय, परत घ्या." उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हा कागद आता बॉक्समधेच टाकतोय.

डांबरगोळ्यांचं आधी. तुमचं नाक बरोबर आहे. मोगरा, जाई, निशिगंध यांच्या वासात इंडोल नावाचं रसायन मुळातच असतं, त्याचे नुसते खडे हुंगले तर डांबरगोळीच आठवते, आणि स्पष्टच बोलायचं तर विष्ठेतही तेच असतं. पण चिमूटभर असलं की फूल नुकतंच उमलल्यासारखं वाटतं. पहिल्या बॅचला आम्हीच घाबरून ते जवळजवळ काढून टाकलं होतं, तर वास आला थेट अंघोळीच्या साबणाचा, छान पण बावळट. मग परत घातलं आणि आता कोणी कितीही म्हटलं तरी काढणार नाही. इंडोलमुळेच बाटलीतला रंगही काही महिन्यांनी जरा तांबूस होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फोटो पाठवू नका प्लीज.

आता खरी चूक. लोक मोठ्या बाटलीचं सील फोडतात, मनगटावर धडाधड चार स्प्रे, मनगटं एकमेकांवर चोळायची, लगेच नाक टेकवायचं आणि तिथंच निकाल लावून मोकळे. अहो त्या मिनिटाला तुम्हाला अर्धं तर अल्कोहोलच येतंय! फुलं मोकळी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि खालचं चंदन नि मस्क कळायला दोन-तीन तास. त्यासाठीच बॉक्समधे दोन मिलीची व्हायल वेगळी दिलीये. कोपराच्या आतल्या बाजूला एकच स्प्रे, चोळू नका, कामाला लागा, संध्याकाळी ठरवा. नाही आवडला तर सीलबंद बाटली पाठवून द्या, पैसे पूर्ण परत, कारणही विचारणार नाही. सील फोडलेली मात्र घेत नाही. यावरून खूप बोलणी खाल्लीयेत, पण दुसऱ्याने वापरून परत केलेली बाटली तुम्हाला पाठवली तर चालेल का?

लेडीज-जेंट्सचं म्हणाल तर १९६६ साली दिओरचं ओ सोवाज हे परफ्यूम पुरुषांचं म्हणून बाजारात आलं, त्यात ते बनवणाऱ्या एदमाँ रुदनित्स्कांनी हेडिओन नावाचं रसायन वापरलं होतं, जाईच्या वासातल्याच एका घटकाचं जवळचं भावंड. म्हणजे पुरुष तेव्हापासून जाई लावतायत, फक्त बाटलीवर तसं लिहिलेलं नसतं.

आम्ही बनवताना डोळ्यापुढे जी व्यक्ती होती ती बाई की पुरुष हे ठरवलंच नव्हतं. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मीटिंगमधे तासभर गप्प आणि शेवटी एकच वाक्य असं टाकणार की सगळे हसतात. दिसायला एकदम स्वच्छ, पण वाटतं तितकी साधी नाही, ते इंडोलचं काम. लिफ्टमधे शिरल्याबरोबर लोकांनी वळून बघावं असं वाटत असेल तर हा घेऊ नका, आमचा ऊदवाला बघा.

आणि "दोन तासांत उडाला" असं वाटलं तर लगेच परत स्प्रे मारू नका, आपल्याच वासाला आपलं नाक सरावतं, शेजारच्याला विचारा. एका ग्राहकाने चौथ्या मिनिटाला रिफंड मागितला होता, नशिबाने व्हायलच उघडली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच मेसेज, "खुर्चीवर टाकलेल्या कालच्या शर्टाला जो वास येतोय तो याचाच का?" आता त्यांच्याकडे तिसरी बाटली चालू आहे, बायकोही तीच वापरते म्हणे.

व्हायल संपली आणि अजून ठरत नसेल तर मेसेज टाका, आणखी एक पाठवतो.