माळावरचे हिरवे ठिपके

केनियातल्या लाइकिपिया पठारावर विमानातून खाली पाहिलं, तर माळभर गोल हिरवे ठिपके दिसतात. कुणी मुद्दाम आखावेत तसे, जवळजवळ सारख्या अंतरावर. प्रत्येक ठिपक्याखाली ओडोन्टोटर्मिस गटातल्या वाळवीचं घर असतं. दहा-वीस मीटर रुंद, पण उंची इतकी बेताची, की चालताना कळणारही नाही. शेजारच्या वसाहती वाळलेल्या गवतावरून आणि काटक्यांवरून एकमेकींशी भांडतात. फार जवळ वसलेली दुबळी वसाहत टिकत नाही, म्हणून अंतर आपोआप सारखं होत जातं.

जमिनीखाली मात्र चक्क शेती चालते. कामकरी वाळवी गवत, लाकूड चावून गिळते. ते अर्धवट पचलेलंच बाहेर पडतं आणि त्याच्या बारीक गोळ्या रचून स्पंजासारखं सच्छिद्र पोळं उभं राहतं. त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते. लाकडातलं चिवट लिग्निन ती फोडते आणि मग जुनं झालेलं पोळं वाळवीच खाऊन टाकते. बुरशीशी ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जुळली. माणसाची शेती तिच्यापुढे कालपरवाची!

या उलाढालीत माती बदलते. लाइकिपियाची काळी चिकण माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वाळवी तिच्यात खालचे भरड कण आणून मिसळते, बिळं पाडते, त्यामुळे पाणी मुरतं. नायट्रोजन आणि फॉस्फरसही तिथे साठतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अशा घरांजवळच्या बाभळींवर पालीही जास्त आणि कोळीही जास्त. दूर जावं तशी संख्या घटत जाते. कारण सरळ आहे: झाडं जोमदार, म्हणून किडे जास्त, म्हणून त्यांना खाणारेही जास्त.

मला यातली सर्वांत रंजक गोष्ट दुष्काळाची वाटते. कोरड्या प्रदेशात गवत ठिपक्याठिपक्यांनी उरलं, की तो वाळवंटीकरणाचा इशारा मानतात. २०१५ साली गणिती प्रारूपांच्या आधारे दाखवून दिलं गेलं, की ठिपके वाळवीमुळे पडले असतील तर अर्थ जवळपास उलटा होतो. पाऊस घटला तरी घरांवरचं गवत तग धरतं, आणि पाऊस परतला की आजूबाजूचा माळ तिथून लवकर सावरतो. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही ठिपके सारखेच दिसू शकतात. फरक कळायचा तर जमिनीवर उतरावं लागतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातले शेतकरी वाळवीचा हा गुण कामाला लावतात. कडक झालेल्या पडीक जमिनीत ते उन्हाळ्यात छोटे खड्डे खणून शेणखत टाकतात. ‘झाई’ म्हणतात या पद्धतीला. खताच्या ओढीने वाळवी येते, घट्ट थर पोखरते, पहिला पाऊस त्या बिळांतून आत उतरतो आणि त्याच खड्ड्यांत ज्वारी-बाजरी पेरली जाते.