सहाव्या वर्षी येणारी दाढ बघणार कोण?
"दुधाचे दात आहेत, पडतीलच ना, कशाला दवाखान्यात न्यायचं" हे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही ऐकायला मिळतं. पण पोरगं सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून घरच्यांना ती पण दुधाचीच वाटते. ती कायमची असते! गेली की परत येत नाही.

आता ती किडते कशी बघा. दातावरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया साखर खाऊन ॲसिड सोडतात, सामू (pH, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं, मग लाळ ॲसिड कमी करत आणते, सामू वर येतो आणि तेच कॅल्शियम परत दातात जाऊन बसतं. तिथं फ्लोराइड असेल तर दाताच्या मूळ खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या जागी फ्लोरॲपेटाइटसारखे स्फटिक तयार होतात, ते सामू ४.५ च्या आसपास जाईपर्यंत तग धरतात. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, लाळेला मधे वेळच मिळाला नाही तर भरपाई होणार कधी? हे महिनोन्‌महिने चालतं आणि सुरुवातीला फक्त पांढुरका डाग दिसतो, तिथपर्यंत छिद्र न पडता दाढ वाचते. अळी वगैरे काही नसते, भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे काढून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पण हा डाग शाळेत येऊन बघणार कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला, त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्यात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट. त्यांना डोळे, हृदय, वाढ असं ३० च्या आसपास गोष्टींचं बघायचं असतं, दातांचं शिकलेलं माणूसच पथकात नाही. दात किडका दिसला तर चिठ्ठी मिळते, पण धडगावच्या पाड्यावरून सातपुडा उतरून नंदुरबारला यायचं म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडाली.

न्यूझीलंडनं १९२१ मध्येच खास शाळांसाठी डेंटल नर्स ट्रेन करायला सुरुवात केली होती. आपल्याकडं डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करायचं आणि कीड टाळायचं काम शिकलेली माणसं, १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यापासून आहेत, मग पथकात का नाहीत? फ्लोराइड वार्निश लावायला, दाढेच्या खाचा सीलंटनं बुजवायला मोठी खुर्ची लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब तर ड्रिल न करता कीड थांबवू शकतो, सिल्व्हर बॅक्टेरिया मारतं, फ्लोराइड दात टणक करतं, फक्त किडलेली जागा कायमची काळी पडते. ते आईला आधीच अहिराणीत नाहीतर पावरीत सांगावं लागतं, म्हणून भरती करताना त्याच तालुक्यातली पोरंपोरी घ्या.