सँडविचच्या काकडीला मीठ आधीच लावा

कोशिंबिरीत मीठ पानं वाढतानाच घालायचं, हे मराठी घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. आधी घातलं की पाणी सुटतं. याच अनुभवाच्या जोरावर सँडविचबद्दल एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो : काकडीला मीठ लावू नका, ब्रेड भिजेल. निरीक्षण अगदी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र उलटा काढलेला आहे. काकडीला पाणी सुटणारच असेल, तर ते ब्रेडमध्ये सुटण्यापेक्षा चाळणीत सुटलेलं बरं. इंग्लंडमध्ये दुपारच्या चहाबरोबर जी बोटाएवढी काकडी सँडविचेस देतात, ती याच विचारावर टिकून आहेत.

ही चहाची प्रथा १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी सुरू केली असं मानलं जातं. रात्रीचं जेवण उशिरा होई, तोवर पोटाला आधार हवा आणि हात तर खराब व्हायला नकोत, म्हणून कडा काढलेली, दोन-तीन घासांत संपणारी ही सँडविचेस. ती दोन-अडीच वाजता तयार होतात आणि चार वाजता ताटलीत येतात. सगळी अडचण या मधल्या वेळात आहे. मुंबईतला सँडविचवाला बटर, हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो लावून सँडविच तिथल्या तिथे हातात देतो. पाणी सुटून ब्रेड भिजायच्या आत ते खाऊन संपतं. चहाच्या सँडविचला ही सवलत नाही.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, पण ते मोकळं नसतं. ते असंख्य पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे रसाने भरलेल्या पिशव्यांमध्ये, कोंडलेलं असतं. त्या रसात थोडी साखर आणि पोटॅशियमसारखे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगते आणि आतून पेशीभित्तिकेवर दाब देते. हवा भरलेली ट्यूब टायरला आतून ताणून धरते, तसंच. काकडीचा कुरकुरीतपणा हा बहुतांशी या दाबाचा खेळ आहे. मलूल काकडी गार पाण्यात ठेवली की पुन्हा ताठ होते ती यामुळेच.

आता चकतीवर मीठ पडलं की काय होतं ते जवळून पाहू. सुरीने कापलेल्या पेशींचा रस पृष्ठभागावर आलेलाच असतो. मीठ त्यात विरघळतं आणि चकतीवर अतिशय तीव्र खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळू शकतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत मिठाच्या प्रत्येक कणाभोवती जवळजवळ तेवढंच दाट द्रावण असतं. पेशीचं प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतला पातळ पडदा, पाण्याला वाट देतं, मिठाला मात्र सहजासहजी देत नाही. बाहेर अतिपरासारी, म्हणजे आतल्यापेक्षा दाट, द्रावण, आत सौम्य रस, मग पाणी बाहेरच येणार. पेशी आकसते, पटल भित्तिकेपासून सुटतं. शाळेत शिकलेला रससंकोच तो हाच.

मीठच का, साखर का नाही? कारण परासरणात, म्हणजे पडद्यातून पाणी दाट द्रावणाकडे जाण्याच्या या क्रियेत, वजन मोजलं जात नाही, विरघळलेल्या कणांची संख्या मोजली जाते. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०, मिठाचं ५८.५, शिवाय मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, सोडियम आणि क्लोराइड. १८० भागिले ५८.५, गुणिले २. उत्तर येतं सुमारे ६. म्हणजे एक ग्रॅम मीठ सहा ग्रॅम ग्लुकोजचं काम करतं. घरातल्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे तर जवळजवळ १२ ग्रॅम लागतील. थोडं आणखी पुढे जाऊ. व्हांट हॉफच्या नियमानुसार परासरण दाब म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या कणांचे मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक), गुणिले वायू स्थिरांक ०.०८२, गुणिले केल्विनमधलं तापमान. पेशीरसात लिटरमागे ०.२ मोल कण धरले तर २५ अंश सेल्सिअसला दाब येतो साधारण ५ वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या पाचपट. लिटरमागे ५८.५ ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणात कण होतात २ मोल आणि दाब जातो ४९ वातावरणापर्यंत. हे द्रावण संपृक्त मिठाच्या पाण्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे, तरीही दहापट ओढ. एवढंसं मीठ इतक्या लवकर काम का करतं, ते या आकड्यांवरून कळतं.

प्रमाण सांगायचं तर ३०० ग्रॅम काकडीला ३ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्धा टीस्पून. सालं काढा, बिया जून असतील तर तो गाभाही काढा. २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, त्यापेक्षा जाड चकतीच्या मधोमध मिठाचा परिणाम उशिरा पोचतो. मीठ चोळून चकत्या चाळणीत पसरा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. खाली दोन-तीन टेबलस्पून पाणी जमतं. चकती तयार झाली की नाही, हे बोटावर कळतं. ताजी चकती दुमडली तर कट्कन तुटते, मुरलेली चकती बोटाभोवती वळते आणि दाताखाली तरीही करकरते, कारण दाब गेला तरी पेशीभित्तिका शाबूत असतात. मग स्वच्छ पंचावर पसरून वरून टिपून घ्या. पिळू नका. खमंग काकडीसाठी चोचवलेली काकडी पिळतात ते ठीक, इथे चकतीचा आकार राहायला हवा. पाण्याने धुऊ तर अजिबात नका, धुतलं की परासरण उलट फिरतं आणि कमावलेलं सगळं परत जातं. रात्रभर मिठात ठेवली तर काकडी चिवट होते. लिंबू पिळायचं असेल तर अगदी शेवटी, कारण आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मळकट पडतो.

काकडीचं टोक कापून चकतीने घासलं की फेस येतो आणि त्यातून कडूपणा निघून जातो, ही समजूतही इथेच निकालात काढायला हवी. तो फेस म्हणजे कापलेल्या रसवाहिन्यांतून आलेल्या प्रथिनयुक्त रसात घासल्याने मिसळलेली हवा. टोकाशी मिनिटभर घासून चार इंच पलीकडच्या गरातली कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं बाहेर येत नाहीत. उपयोग होतो तो देठाकडचा भाग कापून टाकल्याचा आणि साल काढल्याचा, कारण कडू द्रव्यं तिथे जास्त असतात. काकडी फारच कडू लागली तर ती टाकूनच द्या. आणि काकडी घातलेलं पाणी ‘शरीर शुद्ध’ करतं म्हणून जे विकलं जातं, त्याला काडीचाही आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतच असतात.

मीठ लावूनही काकडीत भरपूर पाणी उरतं. ते अडवायचं काम बटरचं. बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि साधारण १६ टक्के पाणी. यात स्निग्धांश सलग पसरलेला असतो आणि पाणी त्यात बारीक थेंबांच्या रूपात अडकलेलं असतं. मेयोनीजमध्ये याच्या अगदी उलट असतं, तिथे पाणी सलग आणि तेलाचे थेंब त्यात तरंगणारे. घरी करून पाहा. चमचाभर मेयोनीज पाण्यात ढवळलं तर पाणी दुधाळ होतं, बटरचा गोळा तसाच तरंगत राहतो. काकडीच्या पाण्याला मेयोनीजमधून ब्रेडपर्यंत सलग ओली वाट मिळते, बटरमधून मिळत नाही. क्रीम चीजही या बाबतीत मेयोनीजच्याच बाजूचं.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. १८ ते २० अंशांना ते पसरतं आणि त्यातल्या स्निग्ध स्फटिकांची जाळीही टिकते. वितळवलं की जाळी मोडते, स्निग्धांश ब्रेडच्या छिद्रांत मुरतो आणि पृष्ठभाग उघडा पडतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे खोलीच ३५ अंशांवर असते, त्यामुळे बटर लावलेले स्लाइस दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मगच काकडी लावा. दहा सेंटिमीटर चौरस स्लाइसला ६ ग्रॅम बटर घेतलं तर थर सुमारे ०.६५ मिलिमीटरचा होतो आणि तेवढा पुरतो. मात्र तो थेट कडेपर्यंत आणि दोन्ही स्लाइसना हवा. ओल शिरते ती बहुधा कोपऱ्यांतून.

ब्रेड आदल्या दिवशीचा, न कापलेला, बारीक जाळीचा घ्या, ताज्या ब्रेडचा गर सुरीखाली दबतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत आधी पावाच्या कापलेल्या तोंडावर बटर लावतात आणि मग स्लाइस काढतात. बटर गराला धरून ठेवतं, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरची स्लाइसही फाटत नाही. ब्रेड फ्रीजमध्ये ताजा राहतो हा मात्र गैरसमज. भाजताना फुललेल्या स्टार्चमधला अमायलोपेक्टिन हा घटक पुन्हा स्फटिकरूप घेतो, म्हणून ब्रेड कडक होतो, आणि हे गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला सगळ्यात वेगाने घडतं.

चकत्या एकमेकींवर थोड्या चढवून दोन थर लावा, पांढरी मिरपूड भुरभुरवा, वर मीठ नको. हलक्या हाताने दाबून कडा आता कापा, आधी कापल्या तर दोन्ही स्लाइस जुळत नाहीत. मग दातेरी सुरीने सँडविचचे बोटाएवढे तीन तुकडे करा. वर बटर पेपर आणि त्यावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं.

गाजर किंवा बीट घालायचं असेल तर रंगाचं रसायन वेगळं आहे. गाजराचं कॅरोटिन स्निग्धांशात विरघळतं, म्हणून किसलेलं गाजर बटरला केशरी छटा देतं, पण ब्रेडवर फारसं ओघळत नाही. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा. शिवाय बीट उकडताना पेशींची पटलं फाटतात आणि परासरणाला लागणारा पडदाच उरत नाही. त्यामुळे उकडलेल्या बिटाला मीठ लावून काकडीसारखं काम होणार नाही. त्याचे काप पंचात दाबून कोरडे करा आणि ताटलीत मांडायच्या अगदी आधी बटरच्या दोन थरांमध्ये ठेवा.