उन्हाळी ब्लूग्रास मैफलींची पार्श्वभूमी

जून लागला की अमेरिकेत गावोगावच्या बागांत आणि शेतांवर ब्लूग्रास या तंतुवाद्यांवरच्या लोकसंगीताच्या मैफली सुरू होतात. लोक घडीच्या खुर्च्या आणि डबे घेऊन येतात, लहान मुलं गवतात लोळतात आणि मंचावर बॅन्जो, फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), मॅन्डोलिन रंगत जातात. हे दृश्य आज इतकं सरावाचं झालंय की त्यामागचा झगडा कुणाच्या लक्षात येत नाही. एकेकाळी रेडिओ आणि रेकॉर्ड कंपन्यांनी पाठ फिरवली होती, तेव्हा उघड्यावरच्या अशाच कार्यक्रमांनी हे संगीत जगवलं.

लोकसंगीताचा एकच जनक सहसा दाखवता येत नाही, पण ब्लूग्रासचा दाखवता येतो. बिल मन्रोचा जन्म 1911 सालचा, केंटकीतल्या रोझीन गावचा. आई-वडील लवकर गेल्यावर तो मामाकडे राहिला. मामा पेन्डल्टन व्हॅन्डिव्हर गावच्या नाचांना फिडल वाजवायचे आणि भाचा त्यांना साथ करायचा. याच काळात तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकासोबतही नाचांना वाजवत असे. मन्रोच्या संगीतातला ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा ढंग, बऱ्याच अंशी तिथून आला आणि हे ऋण त्याने स्वतः मान्य केलं होतं. बॅन्जो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांतूनच घडला. त्यामुळे ब्लूग्रास म्हणजे डोंगरातल्या गोऱ्या माणसांचं ‘शुद्ध’ संगीत, हे वाक्य वाचलं की मला राग येतो. रियानन गिडन्स या गायिकेने 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेच्या अधिवेशनातल्या बीजभाषणात हाच इतिहास ठामपणे मांडला. ते फार आधी व्हायला हवं होतं.

1929 मध्ये मन्रो कामासाठी उत्तरेला, इंडियानात गेला आणि एका तेलशुद्धीकरण कारखान्यात लागला. 1939 मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. केंटकीला ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात, म्हणून त्याच्या चमूचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’. डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलिनाचा तरुण त्यात आला. तीन बोटांनी सरसर वाजणारा त्याचा बॅन्जो, लेस्टर फ्लॅटची गिटार आणि आवाज, चबी वाइजचं फिडल, हॉवर्ड वॉट्सचा बास आणि मन्रोचं तडफदार मॅन्डोलिन: या पाच जणांनी जो नाद तयार केला, त्यालाच पुढे ब्लूग्रास म्हणू लागले. सगळे एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहत. ज्याचा ‘ब्रेक’, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, तो पुढे सरके आणि बाकीचे बाजूला होत. 1948 मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा चमू काढला. मन्रोच्या मनात ती अढी पुढे वर्षानुवर्षं राहिली.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर रॉक अँड रोल आलं. कंट्री संगीतही विजेवरच्या गिटारींकडे वळलं आणि बॅन्जो-फिडलवाले मागे पडले. त्यांना हात दिला तो रविवारच्या संगीत-उद्यानांनी. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट ग्रोव्हचं ‘सनसेट पार्क’ आणि मेरीलँडमधलं ‘न्यू रिव्हर रँच’ ही त्यातली गाजलेली ठिकाणं. ॲपलॅचियाच्या डोंगरांतून बाल्टिमोरसारख्या शहरांत कारखान्यांच्या कामाला आलेली कुटुंबं तिथे रविवार घालवायला यायची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला चाकरमानी आपल्या भजनात आणि शक्तितुऱ्यात जसा गाव शोधायचा, तसंच काहीसं हे. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातून आलेली हेझल डिकन्स बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबली आणि याच वातावरणात घडली. पुढे ॲलिस जेरार्डसोबत तिने पुरुषांच्या या मंचावर बायकांचा आवाज ठामपणे उभा केला.

1961 च्या 4 जुलैला गायक बिल क्लिफ्टनने व्हर्जिनियातल्या लुरे इथे दिवसभर फक्त ब्लूग्रासचा कार्यक्रम केला. पण खरं वळण आलं 1965 मध्ये. कार्लटन हेनी या आयोजकाने सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुटीला जोडून, व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर तीन दिवसांचा महोत्सव भरवला. रविवारी त्याने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. मन्रोच्या चमूतून वेळोवेळी बाहेर पडलेल्या कलाकारांना त्याने एकेक करून मंचावर बोलावलं, मन्रोच्या शेजारी उभं केलं आणि त्या-त्या काळची गाणी गायला लावली. मॅक वाइजमन, जिमी मार्टिन, डॉन रेनो, कार्टर स्टॅन्ली असे सगळे आले. फ्लॅट आणि स्क्रग्ज तेवढे नव्हते. चमूतून गेलेल्यांना प्रतिस्पर्धी समजणाऱ्या मन्रोला त्या दिवशी आपली परंपरा डोळ्यांसमोर उभी दिसली असेल. गर्दी फार नव्हती, पण शेतकरी कुटुंबांच्या शेजारी पूर्व किनाऱ्यावरची कॉलेजातली पोरं बसली होती आणि मंचाबाहेर हौशी वादकांचे घोळके जमले होते.

दोन वर्षांनी, जून 1967 मध्ये, मन्रोने स्वतःचा महोत्सव सुरू केला, तोही इंडियानातच. बीन ब्लॉसम इथली जुनी संगीत-जागा त्याने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच विकत घेतली होती आणि तिथे रविवारचे कार्यक्रम होतच होते. सूर्यास्ताच्या सुमाराला मन्रो स्वतः बाहेर येऊन कलाकार आणि प्रेक्षक दोघांना घेऊन एकत्र वाजवायला बसायचा. 1971 मध्ये लेस्टर फ्लॅट तिथे आला आणि दोघे पुन्हा एका मंचावर गायले.

त्यानंतर अशा महोत्सवांचं पेवच फुटलं. 1974 मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइड या जुन्या खाणगावात सुरू झालेला महोत्सव परंपरेच्या चौकटी मोडणाऱ्यांचं घर बनला. या प्रयोगशील पिढीतल्या बॅन्जोवादक बेला फ्लेकने पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत काम केलं. फ्लेक, बासवादक एडगर मेयर, झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्या एकत्रित अल्बमला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं.

नॅशव्हिलचं रायमन सभागृह 1943 ते 1974 ऑप्रीचं घर होतं. दुरुस्तीनंतर 1994 मध्ये ते पुन्हा उघडलं आणि तिथेही उन्हाळ्यातल्या गुरुवारी ब्लूग्रासच्या रात्री होऊ लागल्या. तिथला नाद अप्रतिम आहे, तरी माझं मत उघड्या मैदानाच्याच बाजूने. सभागृहात ऐकणारा ऐकणाराच राहतो. मैदानावर निम्म्या लोकांच्या गाडीत गिटार किंवा मॅन्डोलिन असतं. कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये त्यांचे जॅम, म्हणजे उत्स्फूर्तपणे एकत्र वाजवणं, सुरू होतात आणि नवख्यालाही तिथे ब्रेक घेऊ देतात.