गिटारची कंबर आणि तापलेली नळी

शिसवीची दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीची पट्टी नुसत्या हातांनी वाकवायला गेलं तर ती थोडी झुकते आणि काडकन मोडते. तीच पट्टी ओलसर करून तापल्या नळीवर टेकवली की थोड्याच वेळात बोटांना ती सैलावल्यासारखी वाटते. गिटारच्या दोन्ही बाजू याच एका क्षणावर उभ्या आहेत. गावाकडे वाकडी काठी आरावर शेकून सरळ करतात, त्यातलंच हे शास्त्र. फक्त इथे सरळ लाकडाला बाक द्यायचा असतो. मिरजेच्या कारागिरांना तंबोऱ्यासाठी ही खटपट करावी लागली नाही, कारण त्यांच्यासाठी गोलाई भोपळ्याच्या वेलानेच तयार ठेवली होती.

लाकडातले सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना चिकटलेले असतात. ओल्या लाकडात हे लिग्निन शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, सुक्यात त्याला बरीच जास्त धग लागते. मऊ झालं की तंतू एकमेकांवरून सरकतात, थंड झालं की नव्या जागी पुन्हा धरले जातात. पट्ट्या तासन् तास भिजत घालणाऱ्यांना वाटतं पाण्यानेच लाकूड वाकतं, पण खरं काम धगीचं. पाणी ती आतपर्यंत पोचवतं आणि लाकूड करपू देत नाही. ते जास्त झालं तर पातळ पट्टीवर लाटा उठतात. आणखी एक अडचण म्हणजे तापलेलं लाकूड आतल्या अंगाने बरंच दबून घेतं, पण बाहेरच्या अंगाने एक-दोन टक्क्यांपलीकडे ताणलं जात नाही. म्हणून तडा नेहमी बाहेरून जातो. तोही दोघींपैकी एकीलाच गेला तरी जोडी वाया, कारण दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून पुस्तकाच्या पानांसारख्या उघडलेल्या असतात.

ही विद्या गिटारपेक्षा जुनी. ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याचं फुगीर पोट पातळ, वाकवलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून बनायचं, आणि बव्हेरियातल्या फ्यूसेन गावात ल्यूट बनवणाऱ्यांचा संघ १५६२ मध्येच उभा राहिला होता. लिस्बनच्या बेल्शियोर दियासने १५८१ मध्ये बनवलेलं एक छोटं वाद्य आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आहे. त्याची पाठसुद्धा पन्हळीसारख्या वाकवलेल्या पट्ट्यांची आहे. व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्त्रादिवारीनेही गिटार बनवल्या, आणि १६७९ ची त्याची ‘साबिओनारी’ अजून वाजते.

पुढे या कौशल्यावर हक्क कोणाचा, यावरून भांडण पेटलं. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेनमध्ये व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाचं म्हणणं होतं की गिटार हे आमचं काम, सुतारांनी त्यात हात घालू नये. त्या सुतारांच्या बाजूला एक मार्टिन घराणं होतं. त्यातला ख्रिश्चन फ्रेडरिक व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफरकडे शिकून आला, आणि या कटकटीला कंटाळून १८३३ मध्ये सरळ न्यूयॉर्कला गेला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथमध्ये त्याचा कारखाना रुजला. अमेरिकी गिटारचा इतिहास एका जातिवंत व्यवसायभांडणातून सुरू होतो, असं मी तरी म्हणेन.

गंमत म्हणजे मार्टिन जन्मला त्याच वर्षी, १७९६ मध्ये, ऱ्हाइनकाठच्या बोपार्डमध्ये मिखाएल थोनेटही जन्मला. तो खुर्च्यांचा माणूस. बीच नावाच्या झाडाच्या भरीव दांड्या वाफवून वाकवताना बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी घट्ट बांधायची, म्हणजे लाकूड ताणलंच जात नाही, सगळा भार आतल्या दाबावर येतो. कॅफेंमधली त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. ही पट्टीची युक्ती लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

या सगळ्या वाकवावाकवीवर मुळातूनच अविश्वास दाखवणारा एक माणूस होता, अमेरिकेतला वाद्य-कारागीर ऑर्व्हिल गिब्सन. १८९८ च्या पेटंटमध्ये त्याची तक्रार अशी की वाकवून, चिकटवून जोडलेल्या अनेक तुकड्यांमुळे मॅन्डोलिन नीट थरथरतच नाही. म्हणून तो बाजू आणि दांडी एकाच भरीव लाकडातून कोरायचा. लाकूड तर वाया जायचंच, शिवाय कोरलेल्या वळणावर लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि तिथे लाकूड नाजूक राहतं. १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी कलामझूमध्ये निघाली आणि काही वर्षांत तीही वाकवलेल्या बाजूंकडे वळली. गिब्सनचा संशय मला वेडगळ वाटत नाही, पण कारखान्याचा हिशेब त्याच्या विरुद्ध होता. त्याआधी स्पेनमध्ये गिटार बनवणाऱ्या आन्तोनियो दे तोर्रेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्यातून करून दाखवल्या होत्या! आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीचा, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

एकेकट्या कारागिरासाठी मात्र बाजू वाकवणं विसाव्या शतकातही धडकी भरवणारंच राहिलं. नळी आतून कोळशाने, मग गॅसच्या ज्योतीने, नंतर विजेने तापू लागली. हात तेवढेच भाजत. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्स फॉक्सने एक साचा बनवला. त्यात पट्टी स्प्रिंग-स्टीलच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ठेवायची, खालून धग द्यायची आणि स्क्रूने कंबर हळूहळू दाबत न्यायची. बाहेरून पत्र्याचा आधार, म्हणजे थोनेटचीच तऱ्हा. धगीसाठी साधे विजेचे बल्ब. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, हा त्याचा दोष इथे गुण ठरला. आता बल्बांच्या जागी सिलिकोनची तापणारी चादर आली आहे.

लाकडाचा प्रश्न वेगळाच. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाली तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिनच्या कंपनीने भारतीय शिसव घेतली. तीच, जी आपल्या सह्याद्रीत वाढते आणि जुन्या वाड्यांच्या कपाटांत दिसते. ब्राझीलची जात १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक यादीत आहे. २०१७ मध्ये शिसवीच्या इतर सगळ्या जातींवरही त्या कराराचे निर्बंध आले, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

साच्यातून निघालेली पट्टी थंड झाल्यावर थोडी उघडतेच. मग अनेक कारागीर कोपऱ्यातली जुनी नळी तापवतात, पाण्याचा थेंब टाकून तो नाचतो का पाहतात आणि कंबरेजवळचा राहिलेला बाक हाताने देतात.