कॅनडात गांजा कोर्टाने खुला केला? नाही

‘कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने गांजा कायदेशीर केला’, हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. तसं झालेलं नाही. उलट मौजेखातर गांजा ओढणं हा घटनात्मक हक्क नाही, असं याच कोर्टाने २००३ मध्ये स्पष्ट केलं होतं.

कोर्टात जिंकले ते रुग्ण, तेही तुकड्यातुकड्याने. २००० साली ओंटारिओच्या अपील कोर्टाने अपस्माराच्या एका रुग्णाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सरकारला वैद्यकीय वापराचे नियम करावे लागले. पण मुभा फक्त वाळलेल्या गांजाची! कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात ओवेन स्मिथ रुग्णांसाठी गांजाची बिस्किटं भाजायचा. पोलिसांना त्याच्याकडे २११ बिस्किटं आणि तेलाच्या बरण्या सापडल्या. म्हणजे धूर ओढला तर औषध, तेच तेलात उतरवून खाल्लं तर गुन्हा. हा अजब नियम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये एकमताने मोडीत काढला, कॅनडाच्या घटनेतल्या हक्कसनदेच्या कलम ७ खाली, म्हणजे जीवित, स्वातंत्र्य आणि सुरक्षिततेच्या हक्काच्या आधारे. बहुधा याच निकालाचा पुढे विपर्यास झाला.

प्रौढांना सरसकट मोकळीक मिळाली ती १७ ऑक्टोबर २०१८ पासून, आणि ती दिली संसदेच्या कायद्याने.